मटणाचा ओंडका फिनाईलनं साफ होतो का?

पूर्णाकाठची:
नमस्कार. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणी खारट आहे तिथे. घरात आजोबांपासून मटणाचं दुकान. मी अमरावतीला एम.एस्सी. करते, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. खाली जे लिहिलंय ते आधी बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी 'टाक' म्हटलं, म्हणून टाकते आहे.

आखाडात दुकानात गर्दी असते, म्हणून मदतीला घरी आले होते. पहाटे शटर वर केलं तर आधी फिनाईलचा वास आला आणि मागोमाग त्याच्याखालचा दुसरा. तो दुसरा वास लहानपणापासून ओळखीचा. आता मात्र तो कशाचा आहे हे कळत होतं. मटण तोडायचा आमचा ओंडका चिंचेचा, बारा-तेरा वर्षांचा, मधोमध खोलगट झालेला, कडेला एक तडा. वरून पाहिलं तर स्वच्छ धुतलेला. त्या तड्यात मी आगपेटीची काडी घातली. अर्धी काडी आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिला लोण्यासारखा मऊ, राखाडी लगदा लागलेला होता.

बाबा म्हणाले, "काल रातीच तर फिनाईल टाकलं ना व. वास नाई येऊन रायला का तुले?"

त्या रात्री दुकान बंद झाल्यावर मी ओंडक्यावर कोळशानं रेघा ओढून चार भाग केले. पहिल्या भागावर रोजच्यासारखं पाणी मारून फिनाईलचं पाणी टाकलं. दुसरा भाग सुरीनं खरवडला आणि कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून ब्रशनं घासला, बाकी औषध काहीच नाही. तिसऱ्यावर रक्त-चरबी तशीच ठेवून ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतलं. चौथा खरवडला, सोड्यानं धुतला, खळबळला आणि मग ब्लीचिंगचं पाणी टाकून दहा मिनिटं थांबले. प्रत्येक भागावर आधी आणि नंतर कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतला, थर्मासमध्ये बर्फ टाकून सकाळच्या एसटीनं कॉलेजात नेला आणि प्लेटा लावल्या, म्हणजे जंतू वाढवायच्या माध्यमावर ते बोळे फिरवले.

दुसऱ्या दिवशी झाकणं उघडली. फिनाईलच्या भागाची 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन प्लेटा शेजारी ठेवल्या तर कुठली कोणती ते मागची चिठ्ठी बघितल्याशिवाय सांगता येईना. मोजदाद करायची सोयच नव्हती, वसाहती, म्हणजे जंतूंचे वाढलेले ठिपके, एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. तिसऱ्या भागात थोडा फरक होता, पण ई. कोलाय हा आतड्यातला जंतू ज्या माध्यमावर हिरवी, धातूसारखी चकाकी देतो तिथे ती चकाकी होतीच. नुसता खरवडून सोड्यानं धुतलेला दुसरा भाग फिनाईलपेक्षा कितीतरी चांगला निघाला. चौथा सगळ्यात स्वच्छ. तड्यातला बोळा मात्र चारही भागांनंतर सारखाच, गच्च भरलेला.

बाबांना प्लेटांचे फोटो दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग इतके वर्स म्या काय टाकून रायलो होतो?"

त्यांच्या या प्रश्नासाठीच हा धागा आहे. बाबा घाणेरडे नाहीत. रात्री दहाला अंग मोडलेलं असताना ते ओंडका धुतात, पैसे घालून फिनाईल आणतात. त्यांना कोणी सांगितलंच नाही की चरबीवर टाकलेलं औषध चरबीतच मरतं. आणि आमच्याकडे नळ आठ-आठ दिवसांनी येतो, बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. 'भरपूर पाण्याने धुवा' असं लिहिणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. दोन बकेट पाण्यात मटणाचं दुकान खरोखर साफ कसं करायचं, ते मला इथल्या जाणत्या लोकांकडून हवं आहे.

टीसीएलवाला:
मी ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे, वाशिम जिल्हा. ताई, तुमचं लिहिणं वाचून बरं वाटलं. ब्लीचिंगला आमच्याकडे टीसीएल म्हणतात. पावडर चांगली असेल तर तिच्यात तीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण पोतं उघडलं की तो उडायला लागतो. पावसाळ्यात ओल लागली, गोळे झाले की ती नुसती चुन्याची माती. बाजारात सुटी मिळते तिच्यात किती जीव उरलेला असतो ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

पाण्याच्या टाकीत पावडर टाकल्यावर क्लोरीन किती उरला ते बघायला आम्ही ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडीन टेस्ट करतो. नळाच्या पाण्यात ते औषध टाकलं की पिवळं होतं, जेवढा क्लोरीन तेवढा रंग गडद. शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे असा हिशोब. तुमच्या तिसऱ्या भागावरचं पाणी दहा मिनिटांनी घेऊन ओटी करून बघा, पिवळा रंग येणारच नाही. गढूळ विहिरीत आम्हाला हेच दिसतं. पावडर टाकली की गाळच ती खाऊन टाकतो, जंतूंपर्यंत काही उरत नाही. रक्त म्हणजे तर गाळाचा बाप.

दुकानासाठी माप विचाराल तर ओंडका, काटा, सुऱ्या यांना २०० पीपीएम पुरतं. म्हणजे लिटरला २०० मिलिग्रॅम क्लोरीन. दहा लिटरच्या बकेटीला चांगली पावडर ७ ग्रॅम. जमीन आणि नालीसाठी १००० पीपीएम, म्हणजे बकेटीला ३३-३५ ग्रॅम. तुमच्या दुकानात काटा आहेच, त्यावर कागद ठेवून मोजा, मुठीनं टाकू नका. ढवळून पंधरा मिनिटं ठेवा, चुना खाली बसतो, वरची निवळ वापरा. ज्या दिवशी करायचं त्याच दिवशी वापरायचं.

शिळी भाकर:
आमच्या आज्यापंज्यानं झाडाखाली बोकड कापून खाल्लं, कोणाले काही झालं नाही. मटण दोन-दोन तास रटरट शिजते. त्यात कोणता जंतू वाचतो सांगा बरं? उगाच गरीब खाटकाच्या मागे लागल्यासारखं वाटून रायलं.

पूर्णाकाठची:
दादा, मी खाटकाचीच मुलगी आहे. मागे लागले नाही, बापाच्या शेजारी उभी आहे.

मटण शिजतं हे खरं, साल्मोनेला, ई. कोलाय उकळीत टिकत नाहीत. पण ते मटणाबरोबर फक्त पातेल्यात जात नाहीत. पिशवीतून ओट्यावर सांडलेल्या पाण्यात जातात, त्याच विळीवर चिरलेल्या कांद्या-कोथिंबिरीत जातात, सुट्या पैशांवर आणि बाबांच्या हातावरून दुकानातल्या पाण्याच्या माठात जातात. दुसरं म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. हा माणसाच्या नाकात, हाताच्या जखमेत राहतो, आणि सत्तूर चालवणाऱ्याच्या बोटाला चीर नाही असा दिवस जात नाही. मटणावर त्याने विष तयार केलं तर शिजवल्यावर तो मरतो, विष मरत नाही. उकळूनही टिकतं.

झाडाखाली कापून लगेच खाल्लं तर काही होत नाही हेही खरंच आहे. तिथे बोकड कापल्यापासून चुलीवर चढेपर्यंत तासभर जातो. आमच्या दुकानात सकाळी सहाला टांगलेला पाय दुपारी दोनपर्यंत लटकलेला असतो, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला असतो. जंतूला हवं तसं हवामान मिळालं तर वीस-तीस मिनिटांत एकाचे दोन होतात. आठ तासांत कुठवर जातं याचा हिशोब दहावीच्या मुलालाही करता येईल.

रसायन शिक्षक:
कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, पुसद भाग. फिनाईलच्या बाटलीवर 'आरडब्ल्यूसी' असं लिहून पुढे एक आकडा असतो. तो रिडील आणि वॉकर या दोघांच्या नावाचा. १९०३ मध्ये त्यांनी चाचणी बसवली, त्यात औषधाची ताकद शुद्ध फिनॉलशी ताडून बघतात. चाचणी होते ती टायफॉइडच्या जंतूंवर, स्वच्छ द्रवात. तिथे रक्त नाही, चरबी नाही. ही उणीव लगेच लक्षात आली होती. १९०८ मध्ये हॅरिएट चिक आणि चार्ल्स मार्टिन यांनी औषधात मुद्दाम वाळवलेली विष्ठा मिसळून चाचणी केली, कारण खऱ्या जगात औषधाला घाणीतच काम करावं लागतं. घाण मिसळली की ताकद उतरते, हे तेव्हापासून माहीत आहे. आपल्या बाटलीवर आकडा मात्र स्वच्छ द्रवातल्या चाचणीचा.

त्यातही काळं फिनाईल डांबराच्या तेलापासूनचं, पांढरं बहुधा पाइन तेलाचं. पाण्यात टाकल्यावर दोन्ही दुधाळ होतात म्हणून लोक एकच समजतात. दोन्ही जमिनीसाठी, नालीसाठी, संडासासाठी आहेत. जिथे अन्न टेकतं तिथे ती टाकायचीच नसतात. फिनॉलजातीचा वास मटणात उतरतो, शिजवूनही जात नाही.

आणखी एक गोष्ट वर्गात दरवर्षी सांगतो. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टरने विद्यार्थ्यांना हात क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू एकदम खाली आले. क्लोरीनचा चुना म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. तो त्याने निवडला कारण शवविच्छेदनानंतर हाताला राहणारा प्रेताचा वास इतर कशानेही जात नव्हता, याने गेला. जंतूंमुळे रोग होतो ही कल्पना तेव्हा रुजलेली नव्हती. त्याने वास घालवणारी गोष्ट शोधली. आपण मात्र वास झाकणारी गोष्ट आणतो.

गुरांचा डॉक्टर:
पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो, नोकरी बहुतेक चंद्रपूर-गडचिरोलीत. बेटा, काम चांगलं केलंस. पण एक विचारतो. ब्लीचिंगवाल्या भागाचा बोळा घेतलास तेव्हा त्यात क्लोरीन मारणारं काही घातलं होतंस का? सोडियम थायोसल्फेट? घातलं नसेल तर बोळ्याबरोबर क्लोरीनही नळीत गेला आणि एसटीत बसल्या-बसल्या जंतू मारत राहिला. मग चौथ्या प्लेटीत जे कमी दिसलं ते ओंडक्यावर मेले की तुझ्या नळीत, कसं कळणार?

बाकी नियमाचं बोलायचं तर अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, आणि परवाना-नोंदणीचे नियम २०११ चे. त्यातल्या अनुसूची ४ मध्ये मांसाचा वेगळा भाग आहे. सुऱ्या-हत्यारांसाठी त्यात ८२ अंशांच्या पाण्याचा उल्लेख आहे. लाकडी ओंडक्याला सरसकट बंदी नाही, पण लाकूड कठीण आणि भरीव हवं. तुमचा तडा गेलेला ओंडका त्यात बसत नाही, हे स्पष्ट सांगतो.

पूर्णाकाठची:
सर, नाही घातलं होतं. वाचताना छातीत धस्स झालं, कारण हे आम्हाला शिकवलेलं आहे आणि मी घाईत विसरले. पुढच्या शनिवारी गावी जाते, चौथा भाग पुन्हा करते. थायोसल्फेट कॉलेजातून घेईन. फिनाईलच्या बोळ्यालाही खरं तर त्याचं विरोधी द्रव्य हवं होतं, पण ती प्लेट तसं न घालताही भरून आली, म्हणजे त्या निष्कर्षाला धक्का लागत नाही. ब्लीचिंगचा निष्कर्ष मात्र तोवर कच्चा समजा.

अन्नपूर्णा वर्धा:
मी लग्नाकार्याचा स्वयंपाक घेते. ओंडक्याचं बोलणं चाललंय, पण माझा अनुभव पातेल्याचा आहे, आणि तो इथेच सांगावासा वाटतो. काही वर्षांपूर्वी एका गावात कार्य होतं, ऐन उन्हाळ्यात. घरच्यांनी हट्ट धरला की मटण आदल्या रात्रीच शिजवून ठेवा, सकाळी घाई नको. मोठ्या गंजात शिजवलं, झाकण लावलं, तसंच राहू दिलं. दुपारी जेवणाआधी कोमट केलं, उकळी आणली नाही. मध्यरात्रीपासून लोकांना पोटात कळा आणि जुलाब. उलट्या फारशा नव्हत्या, तापही नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बहुतेक बरे झाले, पण एक म्हातारी बाई सलाईनवर होत्या, आणि त्यांच्या सुनेच्या डोळ्यांत मला बघवत नव्हतं. तेव्हापासून मी आदल्या रात्रीचं मटण घेत नाही, कोणी कितीही पैसे देवो. ते नेमकं काय होतं, कोणी सांगेल का? मटण तर चांगलं शिजलेलं होतं.

गुरांचा डॉक्टर:
ताई, तुम्ही सांगता ती लक्षणं क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सशी जुळतात. जनावराच्या आतड्यात, मातीत हा असतोच. याची बीजाणू नावाची कवचबंद अवस्था असते, ती उकळीत मरत नाही. मोठा गंज आतून तासन्‌तास गरम राहतो, आणि ४३ ते ४५ अंशांच्या आसपास हा सगळ्यात जोरात वाढतो. रश्श्याच्या तळाशी हवाही नसते, आणि या जंतूला ती नकोच असते. खाल्ल्यापासून आठ ते सोळा तासांत कळा आणि जुलाब. मटण लहान-लहान भांड्यांत पसरट काढून लवकर गार करायचं, आणि पुन्हा देताना चांगली खळखळून उकळी आणायची.

याच धाग्याला धरून सांगतो, ओंडक्यावर फिनाईल टाकून बीजाणू मरत नाहीत, फ्लोअर क्लीनरनेही नाही. २०० पीपीएमच्या क्लोरीननेही भरवसा नाही. ते घासून, खरवडून, धुऊन काढायचे असतात.

खाटीकगल्ली:
भंडाऱ्याकडचा आहे, चिकनचं दुकान. मटणवाल्यांपेक्षा आमच्याकडे काम जास्त घाण असते, मान्य करतो. पिसं निघावी म्हणून गरम पाण्याचा गंज असतो. सकाळपासून त्याच पाण्यात कोंबड्या बुडतात आणि सुरीही त्यातच बुडवून घेतो, गरम पाणी म्हणून. ताईंचं वाचल्यावर मनात आलं, हे बरोबर करतो का?

गुरांचा डॉक्टर:
नाही, हे सगळ्यात आधी बंद करा. पिसांचं पाणी ५० ते ६० अंशांचं असतं, त्याहून जास्त केलं तर कातडी शिजते हे तुम्हाला माहीत आहेच. आणि बुडवताना कोंबडीची विष्ठा त्याच पाण्यात सुटते. म्हणजे कोमट विष्ठेच्या पाण्यात सुरी धुतल्यासारखं झालं. सुरीसाठी वेगळी लहान पातेली ठेवा, पाणी उकळतं हवं, हात लावता येणार नाही असं. आधी साध्या पाण्यानं रक्त काढा, मग बुडवा. उलट केलं तर रक्त पोलादावर शिजून बसतं. ज्या ओंडक्यावर कोंबडी कापता त्यावर मटण कापू नका, कोंबडीतला कॅम्पायलोबॅक्टर आणि साल्मोनेला दोन्ही बोकडाला बदनाम करतील.

मेळघाटी:
आमच्या धारणीकडे बाजाराच्या दिवशी दुकान म्हणजे चार बांबू आणि एक ओंडका. मी गावात आशा स्वयंसेविका आहे. लॉकडाऊनमधलं सॅनिटायझर काही जणांकडे उरलेलं आहे, ते ओंडक्यावर मारतात. चालतं का? आणि डेटॉल, सॅव्हलॉन?

रसायन शिक्षक:
सॅनिटायझर म्हणजे सत्तर टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. स्वच्छ, कोरड्या हातावर ते काम करतं. रक्तावर टाकलं की रक्तातलं प्रथिन गोठतं आणि जंतूला उलट पांघरूण मिळतं. वरून आपल्या उन्हात ते अर्ध्या मिनिटात उडून जातं. डेटॉल, सॅव्हलॉन जखमेसाठी आहेत, मटणाला त्यांचा वास आणि चव लागते. फ्लोअर क्लीनरमध्ये बऱ्याचदा बेंझाल्कोनियम क्लोराईड असतं. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात त्याची ताकद घटते, आणि साबणाचा अंश राहिला तर साबण आणि ते एकमेकांना निकामी करतात. खारपाणपट्ट्यात तर त्याचा विचारही नको.

ताईंनी सोडा वापरला हे मात्र फार योग्य झालं. जड पाण्यात साबण टाकला की पांढरा चिकट साका होतो. तो साका ओंडक्यावर बसतो आणि त्यात जंतू घर करतात. धुण्याचा सोडा पाण्यातलं कॅल्शियम खाली बसवतो आणि चरबीही सोडवतो. पण नंतर खळबळून काढायलाच हवा. सोडा राहिला तर पाणी फार अल्कधर्मी होतं आणि क्लोरीनची मारकशक्ती मंदावते.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. ब्लीचिंगच्या पाण्यात संडास साफ करायचं ॲसिड, लिंबू, व्हिनेगर काहीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो. बंद शटरच्या आत तो माणसाचा जीव घेऊ शकतो.

शिळी भाकर:
पहिल्यांदा मी जरा तिखट लिहिलं, ताई, माफ करा. वाचत वाचत बसलो. आमची आजी ओंडक्याले जाडं मीठ चोळून उन्हात ठेवायला लावायची. ते बरोबर होतं का चूक?

पूर्णाकाठची:
दादा, माफी कसली. माझे आजोबाही हेच करायचे. आधी सुरीनं वरचा थर खरवडायचा, मग जाडं मीठ, मग ओंडका कलता करून उन्हात. यातली खरी ताकद खरवडण्यात आणि वाळण्यात आहे. मिठाने ओल ओढली जाते, पुष्कळ जंतू दबतात, पण स्टॅफिलोकॉकस दबत नाही. आम्ही प्रयोगशाळेत त्याला इतरांतून वेगळा काढायला साडेसात टक्के मिठाचंच माध्यम वापरतो, कारण एवढ्या मिठात तो आरामात वाढतो. म्हणजे मिठाच्या भरवशावर खरवडणं सोडायचं नाही.

लाकडाबद्दल डीन क्लिव्हर या अमेरिकी संशोधकाचं १९९० च्या दशकातलं काम आहे. लाकडावर टाकलेले जंतू आत शोषले जातात आणि लाकूड वाळलं की आत हळूहळू मरतात. सुरीच्या चरे पडलेल्या प्लॅस्टिकच्या पाटाला साफ करणंच अवघड गेलं. म्हणून लाकूड वाईट नाही, ओलं राहणारं लाकूड वाईट. आमच्या तड्यात चरबी भरलेली, तो कधी वाळलाच नाही.

पूर्णाकाठची:
मधे दोन आठवडे गेले. थायोसल्फेट घालून पुन्हा केलं. सरांचं म्हणणं खरं निघालं, चौथ्या भागाच्या प्लेटीत या वेळी आधीपेक्षा जास्त वसाहती आल्या. तरी क्रम बदलला नाही. खरवडून, धुऊन मग ब्लीचिंग हाच भाग सगळ्यात स्वच्छ, त्याखाली नुसता धुतलेला, फिनाईलवाला सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा वाटलं होतं तितका ब्लीचिंगचा चमत्कार नाही. अर्ध्याहून जास्त काम ब्रशच करतो.

आता दोन बकेटींचा हिशोब. बाबांनी आणि मी बसून काढला. आधी पाणी न लावता ओंडका आणि ओटा खरवडायचा, तुकडे-चरबी सुपडीत भरून पोत्यात. हेच आधी पाण्यानं ढकलायचो, त्यात अर्धी बकेट जायची. मग दोन-तीन लोटे गार पाण्यानं रक्त काढायचं. मग अर्धी बकेट कोमट पाणी, त्यात मूठभर सोडा, नारळाच्या काथ्याऐवजी कडक नायलॉनचा ब्रश. हाताला चिरा असतात म्हणून बाबांना रबरी हातमोजे आणून दिले. तेच सोड्याचं पाणी पुढे जमिनीवर ढकलतो. अर्ध्या बकेटीने खळबळणं. शेवटी ब्लीचिंगची निवळ लोट्याने ओंडका, काटा, हुकांवर, दहा मिनिटं. हुक आणि सुऱ्या गंजू नयेत म्हणून नंतर पुसून कोरड्या. सगळं मिळून दोन बकेटींच्या आत बसतं, मोजून पाहिलं.

आणि फडकं. दिवसभर एकच फडकं सुरी, काटा, हात सगळ्याला फिरतं. त्याचा बोळा मी घेतला होता, ती प्लेट ओंडक्याहून वाईट होती. आता जुन्या लुगड्याचे आठ तुकडे करून ठेवलेत, वापरला की बाजूला, रात्री सगळे एकत्र उकळायचे. माय ते काम बघते.

तड्याचा ओंडका सुताराकडे नेला. त्याने करवतीने वरून चार बोटं कापून काढला, आतून लाकूड खणखणीत निघालं, पण तडा अजून दोन बोटं खाली होता. बाबांनी तो सोडून दिला. नवे दोन ओंडके घेतले, आलटून पालटून वापरायला, एक उन्हात असतो. जुन्याचा कापलेला भाग बाबांनी दुकानासमोर बसायला ठेवलाय.

टीसीएलवाला:
ताई, ओटीचं औषध तुमच्या ग्रामपंचायतीत असतंच, जलसुरक्षकाला विचारा. दर नवीन पिशवीची पावडर आधी तपासून घ्या, रंग फिका आला तर वजन दुप्पट. निवळीत थेट औषध टाकाल तर क्लोरीन इतका जास्त असतो की रंग भलताच येतो, साध्या पाण्यात भरपूर पातळ करून मग बघा.

खाटीकगल्ली:
एक शेवटचं. पावडर दुकानात कुठे ठेवायची? लोखंडी पेटीत ठेवली तर चालेल का?

टीसीएलवाला:
लोखंडात नको, महिन्याभरात पेटी खाऊन टाकते. जाड प्लॅस्टिकचा घट्ट झाकणाचा डबा, सावलीत, जमिनीपासून उंच, पोरांच्या हाताला लागणार नाही असा. शेजारी ॲसिडची बाटली ठेवू नका. मोठं पोतं घेऊ नका, एक-एक किलोच आणा, आणि पावसाळ्यात तर त्याहून कमी.